सुरांची खतावणी

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडील प्रवासास धाडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवर माणसे राहतात, आणि ती गातात, हे अज्ञात विश्वाला कळावे म्हणून तीत निरनिराळ्या देशांचे २७ संगीतखंड, सुमारे ९० मिनिटांचे, कोरलेले आहेत. त्यांत हिंदुस्थानी संगीताचा एकच नमुना आहे, आणि तो गोमंतकातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा. 'जात कहाँ हो' ही त्यांनी गायिलेली भैरवी. त्यांपैकी एक यान ५ सप्टेंबर रोजी निघाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाईंचे देहावसान झाले. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्रातून बाहेर पडले, आणि तो सूर अजून पुढे जात आहे.

ह्या तबकडीबरोबर जी अधिकृत यादी प्रसिद्ध झाली ती मात्र जरा बारकाईने वाचण्यासारखी आहे. बाखच्या रचनेपुढे तिचे नाव, तिचा क्रमांक, तिचा मूलस्वर, ती कितवी गत, वाद्यवृंद कोणता, त्याचा संचालक कोण, एवढे सर्व नमूद आहे. केसरबाईंच्या गाण्यापुढे 'भारत' असे लिहून मग 'राग' असा नुसता शब्द आहे, त्यापुढे चिजेचे आरंभीचे बोल, आणि 'सूरश्री केसरबाई केरकर' हे नाव. राग कोणता, ते नाही. 'सूरश्री' ही गानगुणांबद्दल मिळालेली पदवी आहे की आईबापांनी ठेवलेले नाव, ह्याचा उलगडा नाही. ताल नाही. ठेका कोणी धरला, स्वराची साथ कोणी केली, त्यांचा उल्लेख नाही. लांबी तेवढी आहे: साडेतीन मिनिटे.

यादी करणारी मंडळी निष्काळजी नव्हती. रॉबर्ट ब्राऊन ह्या संगीतशास्त्रज्ञाने ह्या गाण्याची शिफारस केली होती, आणि ती जुनी तबकडी धुंडून न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातून मोठ्या प्रयासाने मिळविण्यात आली होती. आस्था भरपूर होती. अपुरी होती ती चौकट. पाश्चात्य संगीताची नोंद कशी करावयाची हे दोनशे वर्षांच्या परिपाठाने ठरून गेलेले आहे. आपल्या संगीताची नोंद कशी करावी ह्याचे उत्तर त्या चौकटीत नव्हते. आणि ते उत्तर खुद्द आपल्या घरांतील कपाटांतही फारसे सापडत नाही.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी ह्या गावांत गाण्याची आवड जपणारी मराठी घरे पुष्कळ. त्या घरांतून तबकड्या, ध्वनिफितींची चक्रे आणि कॅसेट यांचे संग्रह दोन-दोन पिढ्या सांभाळले गेले. आता त्यांचे अंकीकरण होत आहे. जे मावावयास भिंतीएवढे कपाट लागे ते आज बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात मावते. परंतु कपाटातील कॅसेटच्या पाठीवर निदान कोणाच्या तरी हाताने लिहिलेले 'मल्हार, १९६८' एवढे असे. संगणकात गेलेल्या गाण्याच्या कपाळी पुष्कळदा 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन' एवढेच येते. सूर वाचतो, नाव जाते. आणि नाव गेलेले गाणे दहा हजार गाण्यांच्या ढिगात असूनही नसल्यासारखेच असते. म्हणून गाण्याला नाव लावण्याची ही कला कशी घडत गेली, आणि तिच्यात काय काय हरवत गेले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गाणे जोपर्यंत केवळ कंठात नांदत होते तोपर्यंत त्याची चिठ्ठी गाण्याच्या पोटातच असे. तिला मुद्रा म्हणत. दिल्लीचा बादशहा मुहम्मदशाह ह्याच्या कारकीर्दीत, म्हणजे १७१९ ते १७४८ च्या दरम्यान, नियामत खाँ यांनी ख्यालाच्या असंख्य चिजा बांधल्या आणि त्यांत 'सदारंग' हे आपले नाव गुंफले. कित्येक चिजांत आश्रयदात्या बादशहाचेही नाव आले. म्हणजे रचनाकार कोण, काळ कोणता, दरबार कोणता, ही तिन्ही माहिती अंतऱ्याच्या एखाद्या ओळीत साठविलेली असे, आणि चीज गाणारा ती नकळत पुढच्या पिढीच्या हाती देत असे. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालत आली. बडोद्याच्या दरबाराचे भूषण असलेल्या फैयाज खाँसाहेबांनी 'प्रेमपिया' ह्या नावाने चिजा केल्या. जगन्नाथबुवा पुरोहितांनी 'गुणीदास' ही मुद्रा घेतली. शागिर्दाला चीज मिळाली की तीबरोबर रागाचे नाव, तालाचे नाव आणि ती कोणाकडून आली ती परंपरा हे सारे मिळे. ही खतावणी कागदावर नव्हती, म्हणून ती फाटत नसे. मात्र ती बाळगणारा माणूस गेला की तिच्यातील पाने एकदम नाहीशी होत.

१९०२ साली ह्या व्यवस्थेस पहिला धक्का बसला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक त्या वर्षी कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने येथील गायिकांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांत प्रमुख होत्या गौहरजान. कोरलेले मेण जर्मनीत हॅनोव्हर येथील कारखान्यात जावयाचे, तेथे तबकड्या छापावयाच्या आणि जहाजाने परत यावयाच्या. हॅनोव्हरच्या कामगाराला हे गाणे कोणाचे, ते कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्पष्टपणे आपले नाव उच्चारीत. तबकडीच्या अखेरीस ऐकू येणारी ती छोटीशी घोषणा पुढे श्रोत्यांच्या कौतुकाचा विषय झाली. परंतु मुळात ती कारखान्यासाठी लावलेली चिठ्ठी होती. अंतऱ्यातील मुद्रा रचनाकाराची असे. तबकडीवरील ही नवी मुद्रा गाणाराची झाली. तेव्हापासून हिंदुस्थानी संगीताच्या यादीत गाणारा पुढे आला आणि रचनाकार मागे पडला, तो आजतागायत.

तबकडीच्या मध्यावर जो गोल कागद चिकटविलेला असे त्यावरील मजकूर त्या काळच्या व्यापाराच्या गरजेपुरता होता. कंपनीचे बोधचिन्ह, गाणाराचे नाव, भाषा, चिजेचे आरंभीचे बोल, तबकडीचा विक्रीक्रमांक. जागा उरली तर रागाचे नाव. साथीदारांची नावे क्वचित. कागदापलीकडे तबकडीच्या अंगावरच एक क्रमांक कोरलेला असे. तो विकणाराच्या उपयोगाचा नव्हता, कारखान्याच्या उपयोगाचा होता. तथापि पुढे इतिहासकारांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा ठरला. कागद झिजतो, निघून जातो, चुकीचा चिकटतो. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी पडलेला तो क्रमांक तबकडीबरोबर राहतो, आणि त्याच्या आधारे कोणते गाणे कोणत्या बैठकीत मुद्रित झाले ह्याची संगती लावता येते. अंकीकरण करताना हा क्रमांक उतरून न घेणे म्हणजे दस्तऐवजाची नक्कल करून त्याची तारीख गाळण्यासारखे आहे.

नावांचीही मोठी गंमत होती. गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्या 'गांधारी' ह्या नावाने निघाल्या. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व' झाले. सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी 'कुमार गंधर्व' झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या 'हिराबाई बडोदेकर' ह्या आडनावाने गाजल्या, आणि त्या आडनावातच त्यांच्या घराण्याचे बडोद्याशी असलेले नाते जपले गेले. माणसाच्या कानाला हे सारे एकच, परंतु यादीला ते कळत नाही. एकाच गायिकेची गाणी दोन नावांखाली गेली की यादीच्या हिशेबी त्या दोन गायिका होतात. ह्याच्या उलटही घडते. बडे गुलाम अली खाँ, छोटे गुलाम अली खाँ आणि गजल गाणारे गुलाम अली हे तीन वेगळे कलावंत. पैकी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा अंत १९६८ साली हैदराबादेत झाला. नाव आखडून लिहिण्याच्या सवयीने तिघे एकाच खणात पडतात, आणि मग खाँसाहेबांनी कधी न गायिलेली गजल त्यांच्या नावावर खपते.

तबकड्यांचा व्यापार वाढत असतानाच एका मराठी माणसाने निराळ्याच बाजूने हे काम हाती घेतले होते. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानभर फिरून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, ग्रंथ तपासले, रागांच्या परस्परविरोधी परंपरा ताडून पाहिल्या. १९१० साली त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' संस्कृतात प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' ह्या ग्रंथाचे खंड गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने मराठीत लिहावयास आरंभ केला. रागांची दहा थाटांत विभागणी करून त्यांनी प्रत्येक रागापुढे त्याचा थाट, जाती, वादी, संवादी, गानसमय अशी ठरावीक माहिती दिली आणि त्याखाली चिजा स्वरलिपीसह लिहिल्या. आजच्या संगणकाच्या भाषेत ज्याला टॅग म्हणतात ते याहून निराळे काय आहे? 'क्रमिक पुस्तकमालिके'चे कोणतेही पान उघडावे, म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या नोंदीचा नमुना तेथे तयार दिसतो.

युरोपातही असेच काम एका कायदेपंडिताने केले होते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. व्हिएन्नात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या लुडविग फॉन केखेल याने १८६२ साली मोझार्टच्या रचनांची कालानुक्रमे यादी केली आणि प्रत्येकीस क्रमांक दिला. शेवटचा क्रमांक ६२६. आजही त्या रचना त्याच क्रमांकांनी ओळखल्या जातात. केखेलचे काम कष्टाचे होते, पण त्याच्यापुढील वस्तू स्थिर होती. मोझार्टने कागदावर लिहिलेली रचना आज जशी आहे तशीच उद्या राहणार. भातखंड्यांपुढील वस्तू चंचल होती. तोच राग एका घराण्यात एका अंगाने जाई, दुसऱ्यात दुसऱ्या. तीच चीज एका तोंडी विलंबित, दुसऱ्या तोंडी मध्यलयीत. केखेलने कृतींची यादी केली, भातखंड्यांनी स्वभावांची केली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या कार्यास संस्थानी आश्रय लाभला तो मराठी राजांचाच. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने मौलाबक्ष यांनी १८८६ सालीच गायनशाळा काढली होती. त्याच बडोद्यात १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि भातखंड्यांनी तेथे आपला अभ्यास विद्वानांपुढे व गुणीजनांपुढे मांडला. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय निघाले, आणि पुढे राजाभैया पूछवाल्यांसारखे गुरुजन तेथे लाभले. परंतु दहा खणांची ही मांडणीही सर्वांना पुरी पडली नाही. मधुवंती, कीरवाणी, चारुकेशी यांसारखे राग त्या दहा थाटांपैकी एकातही नीट बसत नाहीत. कित्येक घराणेदार गवयांना तर रागाचा गाभा थाटात नसून चलनात असतो, हेच म्हणणे पटे. तरीही भातखंड्यांनी एक वस्तुपाठ घालून दिला: आधी ऐकावे, मग अनेक मते टिपावी, आणि खण शेवटी करावा.

तबकडीची तीन मिनिटांची मर्यादा गेली आणि प्रश्न अधिक बिकट झाला. दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूवर सुमारे वीस मिनिटे गाणे मावू लागले. इंदुरात वाढलेल्या अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी अशा तबकडीच्या दोन बाजूंवर १९६० साली आले, तेव्हा विलंबित ख्यालाचा विस्तार म्हणजे काय हे मैफलीस न गेलेल्यांनाही कळले. मग घरोघरी ध्वनिफितीचे यंत्र आले. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झालेला. शनिवारी रात्री रेडिओजवळ यंत्र लावून बसणारे रसिक गावोगाव होते. कार्यक्रमाच्या आधी व नंतर निवेदक कलावंताचे नाव, रागाचे नाव सांगे आणि साथीदारांचीही नावे सांगे. म्हणजे गौहरजानची ती घोषणा येथे अधिक तपशिलाने परत आली होती. पण फीत महाग. चार ओळींच्या निवेदनात फीत कशाला घालवावी, अशा काटकसरीने पुष्कळांनी नेमके निवेदन सुरू होताच यंत्र बंद केले. अर्धा मिनिट फीत वाचली, आणि तबल्यावर कोण होते हे कायमचे गेले.

आज जो कोणी असा संग्रह संगणकावर उतरवीत असेल त्याने एवढे तरी करावे: निवेदन, टाळ्या, षड्ज लावतानाची कुजबूज, गवयाने मध्येच सांगितलेले रागाचे नाव, ह्यांतील काहीही कापू नये. गाण्याच्या दृष्टीने ते अवांतर असेल. ओळख पटविण्याच्या दृष्टीने पुष्कळदा तेवढाच पुरावा असतो.

संगणकात गाणे गेले तेव्हा त्याच्या चिठ्ठीचा आकारही ठरविण्यात आला. १९९६ साली एरिक केम्प नावाच्या गृहस्थाने एमपी-तीन ह्या प्रकारच्या फाईलच्या शेपटाला १२८ बाइटची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली. बाइट म्हणजे ढोबळ मानाने एक रोमन अक्षर. त्यांत ही चिठ्ठी आहे हे ओळखण्यासाठी ३, गाण्याच्या नावास ३०, कलावंताच्या नावास ३०, संग्रहाच्या नावास ३०, वर्षास ४, शेऱ्यास ३०, आणि संगीतप्रकारास १. प्रकार अक्षरांनी लिहावयाचा नव्हता. ८० प्रकारांची यादी आधीच केलेली, तीतील एक आकडा द्यावयाचा. पाश्चात्य लोकप्रिय गीतांसाठी ही योजना सुटसुटीत होती आणि म्हणूनच ती जगभर पसरली. आपल्या संगीताने मात्र त्या पट्टीत अंग चोरून बसावे लागले. 'सवाई गंधर्व' आणि कंसात 'रामभाऊ कुंदगोळकर' असे रोमन लिपीत लिहू गेल्यास ३६ अक्षरे होतात. म्हणजे आडनावाचे शेपूट तुटते. देवनागरीस तेथे जागाच नव्हती. राग नाही, ताल नाही, साथ नाही. ८० प्रकारांत 'क्लासिकल' होता आणि 'एथ्निक' होता. केसरबाईंना कोठे बसवावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

पुढे ही अडचण दूर झाली. १९९८ साली चिठ्ठीची जी नवी पद्धत आली तीत जागेची टंचाई उरली नाही आणि मनास येईल त्या नावाचा रकाना निर्माण करण्याची सोय झाली. २००१ साली आलेल्या, आवाजाची किंचितही काटछाट न करणाऱ्या फ्लॅक ह्या प्रकारातही ती आहे. आता देवनागरी लिहिता येते, 'राग' असा रकाना काढता येतो. तरीही जुनी सवय सुटत नाही. 'रचनाकार' ह्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी 'पारंपरिक' असा शेरा मारलेला आढळतो, आणि ज्या सदारंगाने आपले नाव अठराव्या शतकात चिजेतच लिहून ठेवले तो, गाणे चालू असताना, यादीत अनामिक राहतो.

तेव्हा शास्त्रीय संगीताचा संग्रह लावावयाचा तो कसा? ज्यांनी हे काम डोळसपणे केले आहे त्यांच्या अनुभवातून काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे नोंदीचा घटक ठरविणे. पाश्चात्य संग्रहात तो घटक कृती हा असतो. आपल्याकडे तो सादरीकरण हा असावयास हवा. अमुक कलावंताने, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी गायिलेला अमुक राग, हे एक एकक. त्या एककाच्या पोटात विलंबित एकतालातील एक चीज, त्रितालातील द्रुत चीज आणि शेवटी तराणा असू शकतो. प्रत्येकीचा ताल निराळा, कदाचित रचनाकारही निराळा. तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेला एकच राग असेल तर त्याचे दोन तुकडे एका नोंदीखाली यावयास हवेत. कॅसेट उलटताना तुटलेला ख्याल संगणकात दोन निराळी गाणी होऊन बसला असेल, तर तो जोडून घ्यावयास हवा.

दुसरी गोष्ट रागनामाची. 'बिहाग' आणि 'बेहाग', 'जैजैवंती' आणि 'जयजयवंती' हे एकाच रागाचे दोन उच्चार. त्यांना एका प्रमाण नावाखाली आणावे, पण मूळ लेबलावर जे होते तेही पुसू नये. भिन्न षड्ज आणि कौशिकध्वनी ही एकाच रागाची दोन नावे. ती परस्परांना जोडून द्यावी. ह्याच्या उलट, चंद्रकौंस ह्या एका नावाखाली कोमल निषादाचा जुना आणि शुद्ध निषादाचा नवा असे दोन प्रकार नांदतात. कौंसी कानड्यातही बागेश्री अंगाचा एक आणि मालकंस अंगाचा एक. त्यांना केवळ नाव सारखे म्हणून एक करणे घातक. बेळगाव, धारवाड, हैदराबाद ह्या भागांत, जेथे दोन्ही संगीतपद्धतींच्या तबकड्या एकाच कपाटात असतात, तेथे तर विशेष सावध राहावे लागते. कर्नाटक पद्धतीतील तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. त्यांची भैरवी निराळीच. त्यांचा हिंदोलम् म्हणजे आपला मालकंस, आणि आपला हिंदोल अगदी दुसरा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक पद्धतीतील कृतीही तबकडीवर गायिल्या आहेत. अशा वेळी कोणत्या पद्धतीचे नाव आहे हे लिहिल्यावाचून नोंद पुरी होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे कागदावर लिहिलेले मिळाले, जे निवेदकाने सांगितले आणि जे ऐकणाऱ्याने स्वतः ओळखले, ह्या तिन्हींचे रकाने निरनिराळे असावेत. लेबलावर एक राग असतो आणि जाणकाराच्या कानाला दुसरा भासतो. दोघांपैकी कोणी चुकले असेल, किंवा दोघेही आपापल्या परंपरेने बरोबर असतील. घाईने 'दुरुस्ती' करून पहिली नोंद खोडणारा मनुष्य सद्‌हेतूने पुरावा नष्ट करीत असतो. जेथे शंका आहे तेथे शंका लिहिणे हाच प्रामाणिकपणा. तबकडीच्या वेगाचेही तसेच. जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जात, पण सर्वांचे मुद्रण नेमके त्याच वेगाने झाले नव्हते. वेग चुकला की षड्ज चढतो किंवा उतरतो आणि खाँसाहेबांची पट्टी भलतीच ठरते. म्हणून कोणत्या वेगाने उतरविले तेही लिहून ठेवावे.

हे सारे काम यंत्रानेच का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्या दिशेने प्रयत्नही झाले आहेत. बार्सिलोना येथील पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ ह्या काळात कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प चालला आणि त्यात हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा अभ्यास संगणकाच्या साहाय्याने करण्यात आला. पाश्चात्य संगीतात स्वराची उंची ठरलेली असते. आपल्याकडे प्रत्येक गवयाचा षड्ज निराळा. तेव्हा यंत्राला राग ओळखण्यापूर्वी गवयाचा षड्ज शोधावा लागतो, म्हणजे तंबोरा ऐकावयास शिकावे लागते. यंत्र हे शिकते. परंतु शिकण्यासाठी त्याला आधी अशी शेकडो ध्वनिमुद्रणे लागतात, की ज्यांच्यावर जाणत्या माणसाने रागाचे नाव बिनचूक लिहिलेले आहे. त्या प्रकल्पासही प्रारंभी संग्रह जमवून त्याच्या नोंदी काळजीपूर्वक कराव्याच लागल्या. शिवाय स्वर ऐकून यंत्र उद्या रागाचे नाव सांगेल. परंतु ही मैफल ग्वाल्हेरीस झाली की देवासला, सारंगीवर कोण होते, पुढे बसून कोण दाद देत होते, हे स्वरांत नसते, आणि म्हणून यंत्रास ते कधीच कळणार नाही.

ते माणसांनाच ठाऊक असते, आणि ती माणसे आता थकली आहेत. साठ-सत्तर सालच्या मैफली तरुणपणी ऐकलेले श्रोते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहेत. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीसारख्या संस्थांनी १९५३ पासून ध्वनिसंचय सांभाळले आहेत. १९८२ साली पुण्यात सुरू झालेले आणि पुढे दिल्लीनजीक गेलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक संग्रहालयही तेच करीत आले आहे. पण घरगुती संग्रह हा संस्थांच्या आवाक्याबाहेर पसरलेला आहे. त्याची खतावणी घरातच व्हावी लागेल, आणि तिला फार मोठी साधने लागत नाहीत. जुनी कॅसेट वाजवावी, घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे, ते जे सांगतील ते, कोणी सांगितले त्या नावासह आणि त्या दिवसाच्या तारखेसह, टिपून घ्यावे. आठवण चुकली तरी पुढचा अभ्यासक ती ताडून पाहील. परंतु मुळात लिहिलेच नाही तर ताडावयास त्याच्यापाशी काहीच राहणार नाही.

व्हॉयेजरवरील तबकडी आता कोणाच्याही हाती लागणार नाही, आणि तिच्याबरोबर प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत 'राग' ह्या शब्दापुढे मोकळी राहिलेली जागा तशीच राहील. केसरबाईंच्या मागे साथीस बसलेले हात कोणाचे, हे त्या यादीवरून कोणास कळणार नाही. कपाटांतील फितींची गोष्ट तशी नाही. त्यांवर नावे लिहिता येतील. मात्र ज्यांना ती नावे आठवतात त्यांच्याशी बोलून घेण्याचे दिवस थोडे उरले आहेत.